ठरलेली कुस्ती आणि खरी वेदना : मिक फोलीच्या आत्मकथनाचा एक अभ्यास

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आपल्या अभ्यासक्रमात आता चांगलाच रुळला आहे. समाजसुधारकांची, नटनट्यांची, दलित लेखकांची आत्मकथने आपण वर्गात वाचतो, त्यांवर टिपणे काढतो आणि परीक्षेत प्रश्नही सोडवतो. पहिलवान मात्र ह्या यादीत सहसा सापडत नाही. ज्याचे सारे सांगणे शरीराने होते त्याने लेखणी कशाला हाती धरावी, असा काहीसा समज आपल्या मनात दडून बसलेला असतो. दारासिंगांचा हनुमान दूरदर्शनवर भक्तिभावाने पाहिलेल्या कितीजणांना, त्यांनी १९८९ साली पंजाबीत आपली आत्मकथा प्रसिद्ध केली हे ठाऊक असेल?

प्रस्तुत लेखात मी अशाच एका लिहित्या मल्लाचा विचार करणार आहे. त्याचे नाव मिक फोली. १९६५ साली अमेरिकेत जन्मलेला हा मल्ल ‘कॅक्टस जॅक’, ‘मॅनकाइंड’ आणि ‘ड्यूड लव्ह’ अशा तीन नावांनी रिंगणात उतरला. आमच्या पिढीतील ज्या मुलांनी नव्वदीच्या दशकात केबलवर ह्या कुस्त्या पाहिल्या आणि मल्लांच्या चित्रांचे पत्ते खेळले, त्यांना चामड्याचा मुखवटा चढवलेला मॅनकाइंड खचित आठवत असेल. १९९९ साली त्याचे ‘हॅव अ नाइस डे!’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन पोहोचले. खपावरून ग्रंथाची योग्यता ठरत नाही, हे खरेच. परंतु ह्या पुस्तकाने एक प्रश्न उभा केला आहे, आणि नाटकाच्या व आत्मचरित्राच्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही. जिचा निकाल आधीच ठरलेला असतो, त्या कुस्तीविषयी खरे लिहिणे म्हणजे नेमके काय?

१. निकाली कुस्ती आणि ठरलेली कुस्ती

आपल्या मातीतील कुस्तीशी ह्या प्रकाराची गल्लत होऊ नये म्हणून प्रथम भेद स्पष्ट केला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, किंवा एखाद्या गावच्या जत्रेच्या फडात हलगीच्या कडकडाटावर जी कुस्ती लागते, ती निकालासाठी लागते. पाठ मातीला टेकली की चितपट. दोघांनी आपसांत ठरवून लढण्याला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि हा शब्द आपण शिवीसारखाच वापरतो. दोन पुढाऱ्यांचे भांडण खोटे आहे असे सुचवायचे झाले की वर्तमानपत्रे हाच शब्द योजतात.

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ह्या नुरा पद्धतीवर स्थिरावली. कोण जिंकणार हे कंपनी ठरवते. कोण नायक, कोण खलनायक, कोणाचे वैर किती महिने चालायचे, हेही आधी ठरते. हे गुपित बाहेर फुटू न देण्याच्या व्यवसायधर्माला तिथल्या मल्लांच्या बोलीत ‘केफेब’ असा शब्द आहे. रिंगणातील वैऱ्याबरोबर चारचौघांत जेवायला बसायचे नाही, इथपर्यंत हा धर्म पाळला जात असे. १९८९ साली सर्वांत मोठ्या कंपनीने न्यूजर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असे स्वतःच सांगून टाकले. हेतू तात्त्विक नव्हता. क्रीडा-नियामक मंडळाची देखरेख आणि कर टाळणे हा होता. तरीही ह्या कबुलीनंतर प्रेक्षक घटला नाही. ह्याचा अर्थ, प्रेक्षक फसवला जात होता म्हणून येत नव्हता. तो दुसऱ्याच कशासाठी येत होता.

२. प्रेक्षागृहातून पाहणारा बार्थ

हे ‘दुसरे काही’ कोणते, ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ ह्याने दिले. कुस्तीवरील त्याचा निबंध १९५२ साली ‘एस्प्री’ ह्या नियतकालिकात आला आणि पुढे १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ ह्या संग्रहात समाविष्ट झाला. बार्थचे म्हणणे थोडक्यात असे : मुष्टियुद्ध ही प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत हळूहळू घडत जाणारी कथा असते, म्हणून तिच्या निकालावर पैज लावता येते. कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण असतो. मल्लाचे शरीर हीच त्याची भूमिका असते. तो आत येताच हा दुष्ट आहे की सज्जन, हे कळते. प्रेक्षकाला वेदना नको असते, वेदनेचे पूर्ण आणि ठळक चित्र हवे असते. नाटकात ज्याप्रमाणे खऱ्याखोट्याचा प्रश्न उद्भवत नाही, त्याप्रमाणे तो कुस्तीतही उद्भवत नाही.

आपल्या परंपरेच्या भाषेत बोलायचे तर बार्थने कुस्ती नाट्यधर्मी ठरवली. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त दशरूपकांच्या प्रकरणात युद्ध, मरण, राज्यनाश, नगराचा वेढा ह्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकाच्या द्वारे सूचित कराव्यात, असा संकेत सांगितला आहे. ज्या गोष्टीत नटाचे शरीरच पणाला लागेल ती सूचनेवर भागवावी, असा एक शहाणपणाचा अर्थ त्यातून काढता येईल. व्यावसायिक कुस्ती नेमका हा संकेत मोडते. पडद्याआड ठेवायचे तेच ती दिव्याखाली आणते. बार्थ प्रेक्षागृहात बसून पाहत होता, आणि तेथून दिसते तेवढे त्याने अचूक सांगितले. रिंगणातून काय दिसते हे सांगायला आतलाच माणूस हवा होता. फोलीचे महत्त्व येथे आहे.

३. पडण्याचे शिक्षण

फोली न्यूयॉर्क राज्यातील कोर्टलंड येथे महाविद्यालयात शिकत होता. ऑक्टोबर १९८३ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, रस्त्यावर वाहनांना हात करत तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पोहोचला. त्या रात्री जिमी स्नूका ह्या मल्लाने लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून प्रतिस्पर्ध्यावर उडी घेतली. आपल्यालाही हेच करायचे आहे, असे त्या मुलाने ठरवले. पुढे मित्रांबरोबर हौसेने केलेल्या एका चित्रपटात त्याने घराच्या छपरावरून खाली मांडलेल्या गाद्यांवर उडी मारली. त्यानंतर पिट्सबर्गजवळ डॉमिनिक डिनुची ह्या जुन्या मल्लाकडे तो शिकायला जाऊ लागला. आठवड्याच्या सुटीत शेकडो मैल गाडी हाकायची आणि रात्री गाडीतच झोपायचे, असा त्याचा क्रम होता. आपल्याकडे तालमीत राहून वस्तादांच्या हाताखाली तयार होणाऱ्या पोरांची आठवण व्हावी, असाच हा भाग आहे.

परंतु शिक्षणाची दिशा उलटी आहे. आपल्या तालमीत पाडायला शिकवतात. तिथे आधी पडायला शिकवतात. रिंगणाची जमीन म्हणजे लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि वर पातळसे अस्तर. हनुवटी छातीशी घट्ट धरून साऱ्या पाठीवर एकदम पडले, तर आघात विभागला जातो. दुसरे असे की, येथे प्रतिस्पर्धी हाच तुमचा रक्षक असतो. तो तुम्हाला डोक्यावर उचलतो तेव्हा तुमची मान त्याच्या हवाली केलेली असते. वरून वैर आणि आतून संपूर्ण विश्वास, असा हा व्यवहार आहे. तबलजी आणि गायक समेवर येताना एकमेकांना जसे सांभाळतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे सम चुकली तर हाड मोडते.

सम कधीकधी चुकतेच. मार्च १९९४ मध्ये म्युनिकला व्हेडर नावाच्या मल्लाशी लढताना फोलीने दोन दोरांत मान अडकवून घेण्याचा आपला नेहमीचा डाव केला. दोर नेहमीपेक्षा घट्ट ताणलेले होते. मान सोडवताना त्याचा उजवा कान फाटला आणि त्याचा मोठा भाग कायमचा गेला. ह्या प्रसंगावर त्याने जे लिहिले आहे ते चमत्कारिक वाटेल, पण अत्यंत बोलके आहे. कान गेल्यापेक्षाही, तेव्हाच्या कंपनीने त्या घटनेचे कथानक केले नाही, ती वाया घालवली, ह्याचे दुःख त्याला अधिक झाले. कलावंताच्या मनाची ही एक जागा आहे. सोसलेल्या वेदनेला कथेत स्थान मिळाले तर ती सार्थकी लागली, अन्यथा ती नुसती दुखापत. पुढे त्याने पुस्तक का लिहिले, ह्याचे बीज मला येथे दिसते.

४. पिंजऱ्याच्या माथ्यावरून

फोलीचे नाव ज्या सामन्याने कायमचे झाले तो २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे अंडरटेकरविरुद्ध झाला. रिंगणाभोवती सुमारे १६ फूट उंचीचा, वरून झाकलेला जाळीचा पिंजरा होता. आदल्या वर्षी असाच एक सामना गाजला होता. त्याहून सरस काय करता येईल ह्याची चर्चा चालू असताना, पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली फेकले जाण्याची कल्पना टेरी फंक ह्या ज्येष्ठ मल्लाने गमतीत सुचवली आणि फोलीने ती मनावर घेतली. त्याप्रमाणे तो वरून खाली निवेदकांच्या मेजावर पडला. हे पडणे ठरलेले होते. त्यानंतर तो पुन्हा वर चढला आणि अंडरटेकरने त्याला माथ्यावर आपटताच जाळीचा भाग तुटून तो थेट खाली रिंगणात कोसळला. हे ठरलेले नव्हते. तो बेशुद्ध झाला. त्याचा एक दात तुटून नाकपुडीशी अडकला. तरी उठून त्याने सामना पुरा केला, आणि ठरल्याप्रमाणे हरला.

त्या रात्रीचा पुष्कळसा भाग आपल्याला आठवत नाही, असे फोली सांगतो. म्हणजे ज्या क्षणासाठी जग त्याला ओळखते तो क्षण त्याच्या स्वतःच्या स्मृतीतच नाही. तो चित्रफितीत पाहून त्याला जाणून घ्यावा लागला. आत्मचरित्र हे स्मृतीवर उभे असते असे आपण शिकवतो. येथे चरित्रनायक स्वतःच्या आयुष्याचा प्रेक्षक होऊन लिहितो आहे. सामना संपल्यावर कंपनीच्या मालकाने त्याचे आभार मानले आणि असे काही पुन्हा कधी पाहायची माझी इच्छा नाही, असेही सांगितले, अशी नोंद त्याने केली आहे. एकाच तोंडून आलेली ही दोन वाक्ये ह्या व्यवसायाचे सारे नीतिशास्त्र सांगून जातात.

५. स्वतःचे हस्ताक्षर

प्रसिद्ध व्यक्तीचे आत्मकथन बहुधा दुसऱ्याने शब्दांकित केलेले असते. ह्यात गैर काही नाही. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ हे १९७० साली पुस्तकरूपाने आलेले आत्मकथन अरुण साधूंच्या शब्दांकनातून सिद्ध झाले, आणि मराठीतील ते एक अस्सल पुस्तक आहे. फोलीसाठीही प्रकाशकांनी आधी शब्दांकनकार नेमला होता. परंतु तयार झालेला मजकूर आपला वाटेना म्हणून फोलीने तो बाजूला ठेवला आणि स्वतः वहीच्या कागदांवर हाताने लिहायला बसला. प्रवासात, विमानतळांवर, हॉटेलांच्या खोल्यांत त्याने सातशेहून अधिक पाने लिहिली.

हा हट्ट का, हे समजून घ्यायला १९९७ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी दूरचित्रवाणीवर मॅनकाइंडच्या मुलाखतींची एक मालिका झाली आणि तीत फोलीने आपल्या खऱ्या बालपणाच्या, तरुणपणाच्या गोष्टी सांगितल्या. मुखवट्याआडून खरा माणूस बोलू लागला. प्रेक्षकांना तो आवडला, आणि लगेच कंपनीच्या कथानकात त्या खरेपणाचाही उपयोग होऊ लागला. म्हणजे त्याचा खरा आवाजही आता त्याच्या एकट्याचा उरला नव्हता. पुस्तक ही एकच जागा अशी होती की जेथे कोणते पडणे ठरलेले आणि कोणते न ठरलेले, ही रेषा तो स्वतःच्या हाताने ओढू शकत होता. भाषा साधी, विनोदी, कोठे कोठे पाल्हाळिक आहे. पण ती रेषा त्याने प्रामाणिकपणे ओढली आहे, आणि ह्या पुस्तकाचे वाङ्मयीन मूल्य मी त्यातच मानतो.

६. करुण आणि शोक

२४ जानेवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे रॉक ह्या मल्लाशी फोलीचा सामना झाला. एकाने ‘मी हरलो, सोडतो’ असे म्हणेपर्यंत लढायचे, असा नियम होता. फोलीचे हात पाठीमागे बेड्यांत अडकवलेले होते आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी खुर्चीचे फटके ठरल्यापेक्षा बरेच अधिक बसले. शेवटी तो शब्द त्याने उच्चारलाच नाही. कथानकाप्रमाणे त्याच्या एका जुन्या मुलाखतीतील आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवला गेला आणि तो हरला.

त्या रात्री त्याची पत्नी व दोन लहान मुले पुढच्या रांगेत बसली होती. ‘बियाँड द मॅट’ ह्या १९९९ च्या माहितीपटात त्यांचे चित्रण आहे. बाबा लुटुपुटूचे लढणार आहेत हे मुलांना माहीत होते, तरीही ती किंचाळून रडतात आणि आई त्यांना उचलून बाहेर नेते. हजारो प्रेक्षक त्याच क्षणी आनंदाने ओरडत असतात. पुढे दिग्दर्शकाने हे चित्रण फोलीला दाखवले, तेव्हा आपण चांगला बाप आहोत असे आता वाटत नाही, अशा आशयाचे उद्गार त्याच्या तोंडून निघाले.

रससिद्धान्त शिकवताना स्थायिभाव आणि रस ह्यांतला फरक समजावणे नेहमीच कठीण जाते. ह्या प्रसंगाइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. शोकाचा करुण होण्यासाठी साधारणीकरण घडावे लागते. रंगमंचावरील माणूस कोणा एकाचा न राहता सर्वांचा व्हावा लागतो. प्रेक्षागृहातील हजारोंसाठी फोली तसा झाला होता. पुढच्या रांगेतील दोन मुलांसाठी तो होऊच शकत नव्हता, कारण तो त्यांचा बाप होता. त्यांच्यापाशी रस नव्हता, निव्वळ शोक होता. आणि त्या रात्री त्या सबंध प्रेक्षागृहात शरीराचे सत्य कोणाला दिसत असेल, तर ते त्या दोन मुलांनाच. डोक्यावरील आघातांचे दूरगामी परिणाम पुढे वैद्यकाने उघड केले आणि २०१० साली त्या कंपनीने डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी घातली. बार्थच्या निबंधात ह्या मुलांना जागा नाही. फोलीने त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही. ‘फोली इज गुड’ ह्या २००१ सालच्या दुसऱ्या पुस्तकात तो ह्या विषयाकडे वळला आहे.

७. रिंगणाबाहेर

२००० साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, फोलीने पूर्णवेळ कुस्ती थांबवली. नंतर अधूनमधून तो रिंगणात उतरला, हेही खरे. टाळ्यांची सवय एका निर्णयाने सुटत नाही. परंतु लिहिणे त्याने सोडले नाही. त्याने मुलांसाठी पुस्तके लिहिली, आत्मकथनाचे पुढील भाग लिहिले आणि ‘टीटम ब्राउन’ (२००३) व ‘स्कूटर’ (२००५) ह्या कादंबऱ्या लिहिल्या. ‘टीटम ब्राउन’चा निवेदक एक किशोरवयीन मुलगा आहे. त्याचा बाप हिंसक आहे, आणि त्या मुलाचा एक कान गेलेला आहे. ज्या कानाचे कंपनीने कथानक केले नाही, त्याचे ललितकृतीत असे काहीतरी झाले, असे म्हणण्याचा मोह होतो.

पुढे तो एकटाच रंगमंचावर उभा राहून कथनाचे कार्यक्रम करू लागला. नाताळात सांताक्लॉज होणे ही त्याची आवडती भूमिका बनली. लैंगिक अत्याचारांच्या बळींना साहाय्य करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेच्या मदतवाहिनीवर त्याने स्वयंसेवक म्हणून शेकडो तास काम केले. ते काम निनावी असते. पलीकडच्या व्यक्तीला आपण कोणाशी बोलतो आहोत हे कळत नाही. ज्याने तीन नावे आणि एक मुखवटा घेऊन आयुष्य घालवले, तो येथे नावाशिवाय, प्रेक्षकांशिवाय बसला आणि दुसऱ्याची खरी वेदना ऐकत राहिला. मला त्याच्या चरित्रातील हा भाग पिंजऱ्यावरून पडण्याइतकाच मोठा वाटतो.

समारोप

ह्या अभ्यासातून निघणारे निष्कर्ष असे मांडता येतील. पहिला, निकाल ठरलेला असल्याने लढत खोटी ठरते. शरीर खोटे ठरत नाही. ‘खरे की खोटे’ हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. कोणती गोष्ट खरी आणि कोणती ठरलेली, असा तो विचारला पाहिजे. दुसरा, समीक्षकाचे बाहेरून पाहणे आणि कलावंताचे आतून सांगणे ही एकमेकांना पर्याय नाहीत. बार्थ आणि फोली शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. तिसरा निष्कर्ष आपल्या सर्वांसंबंधी आहे. तमाशाच्या बोर्डावर ताप अंगात घेऊन नाचणारी बाई असो, सर्कशीतला झुल्यावरचा गडी असो की जत्रेत हंडीवर चढणारी डोंबाऱ्याची पोर असो, आपण टाळी वाजवतो तेव्हा तिची किंमत कोणीतरी शरीराने मोजत असते. टाळी वाजवू नये असे मी म्हणत नाही. कलावंताला ती हवी असते, आणि फोलीला तर ती फारच हवी होती. परंतु विद्यार्थिमित्रांनो, यापुढे एखाद्या कलावंताचे आत्मकथन हाती घ्याल तेव्हा तीन प्रश्न समोर ठेवून वाचा : हे कोणाच्या हाताने लिहिले आहे, ह्यातले ठरलेले कोणते व न ठरलेले कोणते, आणि त्या वेळी पुढच्या रांगेत कोण बसले होते?